गवत

गवत हे पोएसी, म्हणजेच तृण कुलातील वनस्पतींचे मराठीतील सर्वसामान्य नाव आहे. या कुलाला पूर्वी ग्रॅमिनी असे म्हणत. कुलात सुमारे ७८० प्रजाती आणि १२,००० च्या आसपास जाती असून, जातींच्या संख्येनुसार सपुष्प वनस्पतींमध्ये त्याचा पाचवा क्रमांक लागतो. गवते जगाच्या सर्व खंडांत आढळतात. अंटार्क्टिकावर मूळच्या असलेल्या केवळ दोन सपुष्प वनस्पतींपैकी एक गवत आहे.

रोजच्या मराठीत ‘गवत’ हा शब्द शास्त्रीय अर्थापेक्षा कधी अरुंद, तर कधी रुंद अर्थाने वापरला जातो. ज्वारी, ऊस आणि बांबू ही शास्त्रीय दृष्ट्या गवते असली तरी त्यांना कोणी गवत म्हणत नाही. उलट गाजर गवत हे गवत नसूनही त्या नावाने ओळखले जाते. शेतकरी, वनस्पतिशास्त्रज्ञ, महसूल खाते आणि वन कायदा यांच्या लेखी गवताची व्याख्या वेगवेगळी आहे. या फरकाचे परिणाम केवळ भाषेपुरते मर्यादित नाहीत. बांबू तोडण्याचा हक्क, गायरानाचा वापर आणि माळरानांचे भवितव्य हे प्रश्न त्याच्याशी जोडलेले आहेत.

शब्द आणि शब्दसंग्रह

संस्कृतमध्ये गवताला ‘तृण’ असा शब्द आहे. त्यापासून मराठीत ‘तण’ हा शब्द आला. मूळ शब्दाचा अर्थ कोणतेही गवत असा असला, तरी मराठीत ‘तण’ म्हणजे पिकात उगवलेली नको असलेली वनस्पती, असा अर्थसंकोच झाला. जुना व्यापक अर्थ ‘तणमोर’ या पक्ष्याच्या नावात टिकून आहे. गवतात राहणारा मोर, असा त्या नावाचा अर्थ आहे.

‘घास’ या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. संस्कृत ‘घस्’ म्हणजे खाणे. त्यापासून झालेला ‘घास’ हा शब्द जनावरांचे खाद्य या अर्थी वापरला जाई. हिंदीत त्याचा अर्थ गवत असाच राहिला. मराठीत त्याचा प्रचलित अर्थ तोंडात एका वेळी मावेल एवढे अन्न असा आहे. तथापि ‘लसूणघास’ आणि ‘मुरघास’ या शब्दांत वैरण हा जुना अर्थ आजही दिसतो.

गवताशी संबंधित मराठी शब्दसंग्रह मुख्यतः पशुपालनातून आणि शेतीतून आला आहे. जनावरांना घालायच्या ओल्या वा वाळलेल्या खाद्याला ‘चारा’ किंवा ‘वैरण’ म्हणतात. कणसे खुडल्यानंतर उरलेली ज्वारीची वाळलेली ताटे म्हणजे ‘कडबा’, बाजरीची ताटे म्हणजे ‘सरमाड’, भाताची म्हणजे ‘पेंढा’ आणि गव्हाच्या मळणीनंतर उरणारा भाग म्हणजे ‘भुसकट’. विदर्भात भाताच्या पेंढ्याला ‘तणस’ म्हणतात. गवताची मोजणी ‘पेंढी’ आणि ‘भारा’ यांत होते, तर साठवण ‘गंज’ रचून करतात. गवतासाठी राखून ठेवलेल्या जमिनीला ‘कुरण’, गावाच्या सामाईक चराऊ जमिनीला ‘गायरान’ आणि उघड्या, कमी झाडांच्या गवताळ जमिनीला ‘माळ’ किंवा ‘माळरान’ अशा संज्ञा आहेत.

रचना आणि वाढ

गवते एकदलिकित आहेत. त्यांची मुळे तंतुमय असून जमिनीच्या वरच्या थरात दाट जाळे तयार करतात. खोडावर ठरावीक अंतराने पेरे असतात. पेराच्या जागी खोड भरीव असते, तर दोन पेरांमधील कांडे बहुतेक जातींत पोकळ असते. ऊस, मका आणि ज्वारी यांची कांडी मात्र भरीव असतात. पानाचा खालचा भाग खोडाला वेढून असतो आणि वरचा भाग लांब, अरुंद पात्याच्या रूपात असतो. हे दोन भाग जुळतात तेथे पातळ पापुद्र्याची किंवा केसांची एक लहान जिभिका असते. गवतांच्या जाती ओळखताना तिचा उपयोग होतो.

गवताची फुले अतिशय लहान असून त्यांना आकर्षक पाकळ्या नसतात. परागण प्रामुख्याने वाऱ्याने होते. फुले लहान कणिशकांत आणि कणिशके मोठ्या कणसात किंवा तुऱ्यात रचलेली असतात. फळात एकच बी असते आणि बीजावरण फळाच्या भिंतीशी पूर्णपणे चिकटलेले असते. म्हणून ज्याला आपण गव्हाचा किंवा तांदळाचा ‘दाणा’ म्हणतो, ते खरे पाहता संपूर्ण फळ असते.

गवताच्या यशाचे मुख्य कारण त्याच्या वाढीच्या पद्धतीत आहे. बहुतेक वनस्पतींत वाढणारा भाग शेंड्याशी असतो आणि शेंडा खुडला की वाढ खुंटते. गवताच्या पानात वाढणारी ऊती पात्याच्या बुडाशी आणि खोडात ती पेरांशी असते. त्यामुळे जनावराने वरचा भाग खाल्ला, विळ्याने कापला किंवा वणव्यात जळाला, तरी खालून नवी वाढ होते. अनेक जातींत जमिनीलगत सरपटणारी किंवा जमिनीखाली पसरणारी खोडे असतात व त्यांच्या प्रत्येक पेरापासून नवे रोप तयार होऊ शकते.

गवताच्या पेशींमध्ये सिलिकेचे सूक्ष्म कण साठतात. त्यांमुळे पात्याची कड धारदार होते आणि चरणाऱ्या प्राण्यांचे दात झिजतात. गवतातील सेल्युलोज माणसाला पचत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव ते पचवतात. या प्राण्यांच्या द्वारे गवताचे दूध, मांस, लोकर, शेण आणि श्रमशक्ती यांत रूपांतर होते.

ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि हरळी ही गवते प्रकाशसंश्लेषणाची सी-४ नावाची पद्धत वापरतात. तीव्र ऊन आणि उष्णता असताना या पद्धतीत पाण्याचा वापर अधिक काटकसरीने होतो. भात आणि गहू ही सी-३ पद्धतीची गवते आहेत.

उगम : पिसदुरा येथील पुरावा

डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर बऱ्याच काळाने गवतांचा विस्तार झाला, असे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मानले जात असे. या समजाला धक्का देणारा पुरावा महाराष्ट्रात मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे लॅमेटा शैलसमूहात डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्यांच्या तपासणीत गवतातील सिलिकेचे विशिष्ट आकाराचे कण आढळले. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांचा यासंबंधीचा शोधनिबंध २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे कण आजच्या गवतांच्या किमान पाच प्रकारांशी जुळणारे होते. यावरून क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूखंडावर विविध गवते अस्तित्वात होती आणि डायनोसॉर ती खात होते, असे सिद्ध झाले.

नाव आणि वास्तव

काही वनस्पतींच्या नावात ‘गवत’ किंवा ‘घास’ असले तरी त्या तृण कुलातील नाहीत. काहींचे नुसते रूप गवतासारखे असते.

गाजर गवत : शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ही सूर्यफुलाच्या कुलातील वनस्पती असून तिची पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती आयात केलेल्या गव्हाबरोबर भारतात आली, असे मानले जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे येथे तिची नोंद झाली. तिला ‘काँग्रेस गवत’ असेही म्हणतात. तिच्या संपर्काने काही व्यक्तींना त्वचारोग आणि दम्याचा त्रास होतो. तिच्या नियंत्रणासाठी १९८४ पासून भारतात झायगोग्रामा हे मेक्सिकन भुंगेरे सोडण्यात आले.

लव्हाळा व नागरमोथा : या वनस्पती सायपरेसी कुलातील आहेत. गवताचे खोड बहुधा गोल व पेरे असलेले असते, तर लव्हाळ्याचे खोड त्रिकोणी असून त्याला पेरे नसतात. दोन बोटांत खोड फिरवून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. महापुरात टिकून राहणारे लव्हाळे हा संत तुकारामांचा सुप्रसिद्ध दृष्टांत गवताचा म्हणून सांगितला जातो. काटेकोरपणे पाहता लव्हाळा गवत नाही.

लसूणघास : जनावरांसाठी लावले जाणारे हे पीक हरभरा आणि मेथी यांच्या शिंबी कुलातील आहे.

समुद्री गवत : उथळ समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या या सपुष्प वनस्पती एकदलिकित आहेत, पण तृण कुलातील नाहीत.

याउलट गवती चहा हे चहा नसून खरोखरीचे गवत आहे.

अन्नधान्य

मानवी संस्कृतीचा पाया ज्या पिकांवर उभा राहिला, त्यांपैकी बहुतेक गवते आहेत. भात, गहू, मका, जव, ओट, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, सावा आणि कोद्रा (हरीक) ही सर्व तृणधान्ये या कुलातील आहेत. ‘तृणधान्य’ या शब्दातच ते गवताचे धान्य असल्याचे नमूद आहे. जगातील साखरेचे प्रमुख पीक असलेला ऊसही गवत आहे.

रानटी गवतात दाणे पिकताच गळून जमिनीवर पडतात. बीजप्रसारासाठी हे आवश्यक असते. माणसाने हजारो वर्षांच्या शेतीत दाणे कणसातच टिकून राहणारी रोपे निवडून पेरली. या निवडीमुळे काढणी आणि मळणी शक्य झाली, परंतु ही पिके स्वतःच्या प्रसारासाठी माणसावर अवलंबून राहिली.

कोरडवाहू महाराष्ट्रात ज्वारीची उपयुक्तता दुहेरी आहे. धान्य माणसाला आणि कडबा जनावराला मिळतो. त्यामुळे वाण निवडताना शेतकरी दाण्याच्या उताऱ्याबरोबर कडब्याची उंची आणि प्रतही पाहतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले.

चारा

महाराष्ट्रातील कुरणांत आणि बांधांवर आढळणाऱ्या चाऱ्याच्या गवतांत मारवेल, पवना, डोंगरी गवत आणि कुसळी ही प्रमुख आहेत. मारवेल पौष्टिक व जनावरांना आवडणारे मानले जाते. कुसळी गवत कोवळे असताना चांगला चारा देते. पक्व झाल्यावर त्याची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. गवत फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापल्यास त्यातील प्रथिने टिकतात. पूर्ण वाळून पिवळे पडल्यावर कापल्यास पोषणमूल्य बरेच घटते. लागवडीच्या चाऱ्यात हत्ती गवत (नेपियर) आणि त्याचे संकरित वाण लोकप्रिय आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयवंत’ हा असाच एक वाण आहे. गवत आणि चारा पिकांच्या संशोधनासाठी झाशी येथे १९६२ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

हिरवा चारा हवाबंद खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून आंबवल्यास मुरघास तयार होतो. यासाठी मका, ज्वारी यांसारखी साखरेचे प्रमाण अधिक असलेली पिके योग्य ठरतात. कडबा तसाच न घालता त्याची कुट्टी करून घातल्यास वाया जाण्याचे प्रमाण कमी होते.

दुष्काळात धान्य बाहेरून आणता येते, परंतु चारा आकाराने मोठा व वजनाच्या मानाने स्वस्त असल्याने त्याची वाहतूक महाग पडते. चारा संपला की शेतकऱ्यापुढे जनावरे मिळेल त्या किमतीला विकणे एवढाच मार्ग उरतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत महाराष्ट्र शासनाला मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील दुष्काळी भागांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या.

हरळी : एका गवताची तीन रूपे

हरळी, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, हे महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारे बहुवर्षीय गवत आहे. तिच्या जमिनीखालील खोडाचा लहानसा तुकडा राहिला तरी नवे रोप उगवते. त्यामुळे शेतकरी तिला सर्वांत चिवट तणांपैकी एक मानतात आणि उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचून काढतात. याच गवताची कोवळी पाती ‘दूर्वा’ म्हणून गणपतीला वाहतात. इंग्रजीत हेच गवत बर्म्युडा ग्रास या नावाने ओळखले जाते आणि उष्ण प्रदेशांतील क्रिकेटच्या मैदानांवर व बागांतील हिरवळीसाठी मुद्दाम लावले जाते. तुडवले गेल्यावर पुन्हा वाढण्याचा जो गुण शेतात उपद्रवी ठरतो, तोच मैदानावर उपयुक्त ठरतो.

इतर उपयोग

कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी गवताने किंवा पेंढ्याने घर शाकारण्याची रीत होती. पत्रा आणि सिमेंटच्या वापरानंतर ती बरीच मागे पडली. वाळा या गवताची सुगंधी मुळे पिण्याच्या पाण्यात घालतात आणि त्यांचे पडदे उन्हाळ्यात पाणी शिंपडून दारे-खिडक्यांना लावतात. वाळ्याची मुळे सरळ खोल जात असल्याने बांधावरील माती धरून ठेवण्यासाठीही त्याची लागवड करतात. रोशा गवतापासून सुगंधी तेल काढतात. खानदेशात हा उद्योग जुना आहे. गवती चहाचा उपयोग काढ्यात आणि तेलासाठी होतो. पोकळ खोडाच्या एका गवतापासून बोरू बनवून त्याने लिहीत असत.

बांबू : गवत की झाड?

बांबू हे गवतांतील सर्वांत उंच सदस्य आहेत. काही जाती ३० मीटरपेक्षा उंच वाढतात. खोड काष्ठमय असले तरी ते झाडाप्रमाणे वर्षानुवर्षे जाड होत नाही. कोंब जमिनीतून ज्या जाडीचा बाहेर येतो, साधारण त्याच जाडीचा राहतो. महाराष्ट्रात विदर्भात मानवेल व काटस, तर कोकणात माणगा या जाती महत्त्वाच्या आहेत. बुरूड समाजाचा सूप, टोपली, रोवळी, कणगी इत्यादी वस्तू विणण्याचा परंपरागत व्यवसाय बांबूवर अवलंबून आहे.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या संज्ञेच्या व्याख्येत ताड आणि वेत यांच्याबरोबर बांबूचाही समावेश होता. बांबू झाड ठरल्याने त्याची तोड आणि वाहतूक यांवर वन खात्याचे नियंत्रण राहिले. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूला गौण वनोपज मानले आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले त्यांना त्याच्या विक्रीचा अधिकार दिला. एकाच वनस्पतीविषयी दोन कायद्यांत अशी दोन भिन्न मते निर्माण झाली.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले होते. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना कोणी द्यायचा, हा वाद शिल्लक राहिला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द करण्यात आले. स्वतःच्या वनातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात मिळवणारे ते देशातील पहिले गाव मानले जाते.

२०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, खाजगी जमिनीवर लावलेला बांबू तोडण्याची व वाहून नेण्याची शेतकऱ्यांची अडचण दूर झाली. वनक्षेत्रातील बांबू मात्र वनोपज म्हणून कायद्याच्या कक्षेतच राहिला.

धार्मिक परंपरेत

गणेशपूजनात २१ दूर्वांची जुडी वाहण्याची प्रथा आहे. भाद्रपद शुद्ध अष्टमीला दूर्वाष्टमी म्हणतात. श्राद्धादी विधींत दर्भ वापरतात आणि दर्भाचे पवित्रक बोटात घालतात. वर्षभराचे दर्भ श्रावण अमावास्येला गोळा करण्याचा प्रघात असल्याने तिला दर्भग्रहणी अमावास्या असे नाव आहे. गुढीसाठी बांबूची काठी उभारतात. नव्या पिकाची कणसे दाराला बांधण्याची चालही ग्रामीण भागात आढळते.

भाषा आणि म्हणी

मराठी वाक्प्रचारांत गवताचा उल्लेख बहुधा क्षुद्रतेचे प्रतीक म्हणून येतो. ‘तृणवत् लेखणे’ म्हणजे तुच्छ मानणे, ‘काडीची किंमत नसणे’ म्हणजे काहीही मूल्य नसणे. ‘दाती तृण धरणे’ म्हणजे शरण जाणे. पराभूत व्यक्तीने गवताची काडी तोंडात धरून आपण गाईसारखे निरुपद्रवी असल्याचे दर्शविण्याच्या प्रथेशी त्याचा संबंध जोडतात. ‘काडीमोड’ हा घटस्फोटासाठीचा शब्द काडी मोडून संबंध संपल्याचे जाहीर करण्याच्या रूढीवरून आला. ‘बुडत्याला काडीचा आधार’ आणि ‘दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही’ या म्हणी सर्वपरिचित आहेत.

संस्कृतातून आलेल्या दोन शब्दांत गवताचा गौरव दिसतो. ‘कुशाग्र’ म्हणजे कुश गवताच्या टोकासारखी तीक्ष्ण बुद्धी. ‘कुशल’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती हात कापू न देता कुश तोडू शकणारा, अशी सांगितली जाते. हिरव्या रंगाच्या एका बिनविषारी सापाला मराठीत ‘गवत्या’ म्हणतात.

इंग्रजी ‘ग्रास’

गवताचा इंग्रजी प्रतिशब्द ‘ग्रास’ आणि संस्कृत ‘ग्रास’ (घास) हे शब्द उच्चाराने जवळचे असले तरी त्यांचा संबंध नाही. इंग्रजी शब्द जर्मानिक मूळाचा असून वाढणे आणि हिरवा या अर्थांच्या इंग्रजी शब्दांशी नाते सांगतो. संस्कृत शब्द ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे या धातूपासून झाला आहे.

इंग्रजी बोलीत या शब्दाला गांजा असा अर्थ आहे. ब्रिटिश बोलीत पोलिसांना खबर देणाऱ्यालाही हा शब्द लावतात. ‘ग्रासरूट’ म्हणजे गवताची मुळे. सामान्य लोकांच्या पातळीवरचे, असा त्याचा लाक्षणिक अर्थ असून मराठीत त्यासाठी ‘तळागाळातील’ हा शब्द रूढ आहे. टेनिसमधील विंबल्डन स्पर्धा आजही गवताच्या मैदानावर खेळली जाते.

विशेषनाम म्हणूनही हा शब्द आढळतो. वॉल्ट व्हिटमन यांचा ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हा काव्यसंग्रह प्रथम १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ग्रास’ हा १९२५ चा मूकपट इराणमधील बख्तियारी पशुपालकांच्या चाऱ्यासाठीच्या स्थलांतरावर आहे. ग्युंटर ग्रास या जर्मन लेखकाला १९९९ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ग्रास’ या नावाची भौगोलिक माहिती प्रणालीची एक मुक्त संगणक आज्ञावलीही आहे. तेथे हे नाव आद्याक्षरांपासून बनले आहे.

गवताळ प्रदेश आणि माळराने

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार सांगितले आहेत. महाराष्ट्रासह द्वीपकल्पाचा बहुतांश भाग सेहिमा–डायकॅन्थियम या प्रकारात येतो. मारवेल हे डायकॅन्थियम प्रजातीतील गवत आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशातील माळराने ही जंगलतोडीमुळे तयार झालेली उजाड जमीन आहे, असा समज दीर्घकाळ होता. आता अनेक अभ्यासक त्यांना विरळ झाडे असलेली, प्राचीन आणि स्वतंत्र परिसंस्था मानतात. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातील व मौखिक परंपरेतील वनस्पतींच्या उल्लेखांचा अभ्यास करून पश्चिम महाराष्ट्रातील माळराने अनेक शतके अस्तित्वात असल्याचे प्रतिपादन केले आहे.

माळरानावरील प्राण्यांत काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, माळढोक, तणमोर, धाविक आणि चंडोल यांचा समावेश होतो. सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. काळविटांसाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी आणि चिंकारांसाठी बारामती तालुक्यात मयूरेश्वर ही अभयारण्ये आहेत. माळढोक २०११ पासून अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत असून महाराष्ट्रातून तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तणमोरही आता याच यादीत आहे.

धनगर समाजाचे मेंढपाळ पिढ्यान्पिढ्या या माळरानांवर अवलंबून आहेत. पावसाळ्यात माळावर आणि इतर काळात कोकण किंवा बागायती भागाकडे, असे त्यांचे स्थलांतर चालते. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवून शेतकऱ्याला खत आणि मेंढपाळाला चारा वा धान्य मिळण्याची पद्धत यातूनच निर्माण झाली.

‘पडीक’ ही नोंद आणि तिचे परिणाम

ब्रिटिश महसूल व्यवस्थेत जी जमीन सारा देत नाही, ती निरुपयोगी मानली गेली. स्वातंत्र्यानंतरही हे वर्गीकरण मोठ्या प्रमाणात टिकले. भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन आणि अवनत चराऊ जमीन हे पडीक जमिनीचेच प्रकार म्हणून दाखवले जातात. सातबारा उताऱ्यावरील लागवडीस अयोग्य क्षेत्राला ‘पोटखराब’ म्हणतात. जेथे गवत हेच उत्पादन आहे, त्या जमिनीची नोंद अशा रीतीने उत्पादन नसलेली जमीन म्हणून होते.

पडीक ठरलेली जमीन इतर प्रयोजनांसाठी सहज उपलब्ध मानली जाते. माळराने औद्योगिक वसाहती, सौर व पवन ऊर्जा प्रकल्प, रस्ते आणि सिंचनाखालील शेती यांकडे वळली. वनीकरणाच्या हेतूनेही त्यांचे रूप बदलले. सोलापूर परिसरातील माळांवर ग्लिरिसिडियासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली. उघड्या गवतात राहणाऱ्या माळढोकासारख्या पक्ष्यांना दाट झाडी प्रतिकूल ठरते. गवताळ प्रदेशात कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत व मातीत असतो. नांगरट झाल्यावर तो कमी होतो.

गायरानांचा प्रश्न याच्याशी संलग्न आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा अन्य उपयोग करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. दुसरीकडे, अनेक भूमिहीन कुटुंबे, विशेषतः मराठवाड्यातील दलित कुटुंबे, दीर्घकाळ गायरान कसून उपजीविका करीत आली आहेत आणि त्या जमिनी नावावर करण्याची त्यांची मागणी आहे. चराई, निवारा आणि शेती या तीन गरजांचा ताण एकाच जमिनीवर पडत असल्याने हा प्रश्न गुंतागुंतीचा झाला आहे.

अलीकडे गवताळ प्रदेशांविषयीची दृष्टी काही प्रमाणात बदलत आहे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी (इंदापूर) आणि शिर्सुफळ (बारामती) येथे वन विभागाने माळरान सफारी सुरू केली असून तिच्यातील उत्पन्नात स्थानिक ग्रामस्थांना सामावून घेण्याचा प्रयत्न आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय चराऊ प्रदेश व पशुपालक वर्ष म्हणून घोषित केले आहे.

हे सुद्धा पाहा

तृणधान्ये
बांबू
दूर्वा
गायरान
माळढोक
धनगर